चित्राखालचे नाव

जुन्या व्यक्तिचित्रापुढे उभे राहिले म्हणजे रसिकाची दृष्टी प्रथम चेहऱ्याकडे जाते आणि क्षणार्धात खालच्या पट्टीवरील नावाकडे वळते. नाव वाचून ती पुन्हा चेहऱ्याकडे येते, तेव्हा तोच चेहरा वेगळा भासू लागतो. राणीचे नाव वाचले तर मुद्रेवर करारीपणा दिसतो. कारस्थानी सरदाराचे वाचले तर त्याच डोळ्यांत कपट दिसते. रंगांत काहीच बदललेले नसते. बदललेली असते ती पाहणाऱ्याची नजर. व्यक्तिचित्राला नाव देणे म्हणजे एका मृत व्यक्तीविषयी साक्ष देणे होय. साक्ष खरी असेल तर त्या व्यक्तीला न्याय मिळतो. खोटी असेल तर अन्याय घडतो, आणि मृतांना त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. सोळाव्या शतकातील एका इंग्रज व्यक्तिचित्राच्या कहाणीतून हे फार स्पष्ट दिसते.

हे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. लाकडी फळीवर तैलरंगांत रंगविलेले, उंची सुमारे ५० सेंटिमीटर आणि रुंदी ७१ सेंटिमीटर. म्हणजे आकाराने लहानच. त्यात दोन व्यक्ती कमरेपर्यंत दिसतात. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला भरदार चेहऱ्याची, उंची काळ्या पेहरावातील एक उमराव स्त्री आहे. उजव्या हाताला एक तरुण पुरुष आहे. वर रोमन अंकांत तीन नोंदी आहेत: स्त्रीचे वय ३६, तरुणाचे वय २१ आणि वर्ष १५५९. त्यांखेरीज ‘एच’ आणि ‘ई’ ही दोन रोमन अक्षरे एकमेकांत गुंफलेली, चित्रकाराची खूण आहे. नाव मात्र कोणाचेच नाही, ना त्या दोघांचे, ना चित्रकाराचे.

अशा चित्रापुढे अभ्यासकाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हे चित्र कोणी काढले, हा पहिला. आणि हे कोणाचे आहे, हा दुसरा. या चित्राच्या बाबतीत अठराव्या शतकाने दोन्ही प्रश्नांना ठाम उत्तरे दिली, आणि दोन्ही चुकीची ठरली.

ती उत्तरे जॉर्ज व्हर्च्यू (१६८४–१७५६) या ख्यातनाम कोरीवकाराने दिली. व्हर्च्यू हा कॅथलिक होता, कष्टाळू होता, आणि इंग्लंडमधील चित्रकलेचा इतिहास लिहिता यावा म्हणून त्याने आयुष्यभर टिपणवह्या भरल्या. वाडे, गढ्या, लिलाव, जुन्या याद्या, जेथे जे दिसेल ते त्याने टिपून ठेवले. त्याचे हे ऋण आजही सारे अभ्यासक मानतात. गुंफलेली ती दोन अक्षरे पाहून त्याने ती लुकास द हेरे या फ्लेमिश चित्रकाराची ठरविली. चित्रातील जोडपे त्याच्या मते सफोकची डचेस फ्रान्सिस ब्रँडन आणि तिचा दुसरा पती एड्रियन स्टोक्स यांचे होते. त्याच्या मृत्यूनंतर या टिपणवह्या होरेस वॉलपोल याने विकत घेतल्या आणि त्यांच्या आधारे १७६२ पासून इंग्लंडमधील चित्रकलेवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. टिपणवहीतील तर्क अशा रीतीने छापील ग्रंथात आला. एकदा छापले गेलेले नाव पुढच्या पिढ्या सहसा तपासून पाहत नाहीत.

प्रथम चित्रकाराचा प्रश्न घेऊ. द हेरे याचा जन्म १५३४ साली गेंट येथे झाला आणि तो आश्रयासाठी इंग्लंडला आला तो १५६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. परंतु हीच दोन अक्षरे सर जॉन लटरेल याच्या प्रसिद्ध रूपकात्मक चित्रावर आहेत, आणि ते १५५० चे आहे. तेव्हा द हेरे जेमतेम सोळा वर्षांचा होता. काळाचा मेळ बसत नसतानाही हे कर्तृत्व सुमारे दीड शतक त्याच्या नावावर राहिले. लायोनेल कस्ट या अभ्यासकाने १९१३ च्या सुमारास हा गुंता सोडविला. लॉर्ड लमली याच्या संग्रहाची १५९० साली केलेली एक यादी उपलब्ध होती आणि तिच्यात हान्स ईवर्थ या चित्रकाराचे नाव होते. यादीतील नोंद आणि उपलब्ध चित्रे यांची सांगड घालून कस्टने दाखवून दिले की, ‘एच’ आणि ‘ई’ ही हान्स ईवर्थची आद्याक्षरे आहेत. एका विस्मृत कलावंताला त्याची कामे परत मिळाली.

हा ईवर्थ अँटवर्पचा. तेथील चित्रकारांच्या संत लूक संघात १५४० साली त्याची नोंद झाली आणि १५४४ साली पाखंडी मतांच्या आरोपावरून त्याला व त्याच्या भावाला शहर सोडावे लागले, असे मानले जाते. त्याच ईवर्थने पुढे १५५४ मध्ये इंग्लंडच्या कॅथलिक राणी मेरीचे व्यक्तिचित्र रंगविले. धर्मभेदाने पेटलेल्या त्या काळात चित्रकाराची कुंचली मात्र दोन्ही दालनांत वावरत होती. थोर चित्रकार होल्बाइन १५४३ मध्ये निवर्तल्यानंतर इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्रणाची परंपरा ज्यांनी टिकवून धरली, त्यांत ईवर्थचे स्थान वरचे आहे. वस्त्रांचा पोत, फरची मऊ केसाळ किनार, दागिन्यांवरील प्रकाशाचा कण यांत त्याचा फ्लेमिश हात ओळखू येतो. त्याच्या आकृती थोड्या ताठर वाटतात हे खरे, परंतु चेहरे तो कोणाचीही भीड न बाळगता रंगवितो. प्रस्तुत चित्रातील स्त्रीला त्याने सुंदर केलेले नाही. रुंद जबडा, आवळलेले ओठ, स्थिर डोळे, जशी होती तशी ती त्याने उभी केली आहे.

नेमका हाच प्रामाणिकपणा पुढे एका दुसऱ्याच स्त्रीला भोवला.

फ्रान्सिस ब्रँडन ही आठव्या हेन्रीची भाची. तिचा जन्म जुलै १५१७ मधला. तिची थोरली मुलगी लेडी जेन ग्रे हिला जुलै १५५३ मध्ये जेमतेम काही दिवसांसाठी राणी म्हणून घोषित करण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १५५४ रोजी तिचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात फ्रान्सिसच्या पतीचाही शिरच्छेद झाला. यानंतर तिने आपल्या पदरी असलेल्या एड्रियन स्टोक्स याच्याशी विवाह केला. एवढ्या मोठ्या घराण्यातील स्त्रीने सामान्य सद्‍गृहस्थाशी लग्न करावे, याची चर्चा होणारच. इतिहासकार कॅम्डेन याने या विवाहाला तिच्या कुळाला न शोभणारा म्हटले. परंतु तो तिने आपल्या सुरक्षिततेसाठी केला, अशी पुस्तीही त्याने जोडली. ही पुस्ती लक्षात घेण्याजोगी आहे. राजरक्ताच्या विधवेने एखाद्या मोठ्या सरदाराशी विवाह केला असता तर तिच्या संततीच्या वारसाहक्काचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. मुलगी आणि पती दोघेही वधस्तंभावर गेलेल्या स्त्रीला या धोक्याची जाणीव नसेल, असे कसे म्हणावे?

व्हर्च्यूच्या तर्कामुळे फ्रान्सिसला एक चेहरा मिळाला आणि तिच्या कथेला नवे वळण लागले. भरदार अंगाची, करड्या मुद्रेची प्रौढ स्त्री आणि तिच्या शेजारी विशीतला देखणा तरुण! या चित्राकडे पाहून लेखकांनी निष्कर्ष काढले. हेन्री राजाचे तोंडवळे तिच्यात दिसले, म्हणून त्याचा क्रूर स्वभावही तिच्यात असल्याचे गृहीत धरले गेले. शेजारी तरुण दिसला, म्हणून ती विषयासक्त ठरली. मुलीचा बळी देऊन लगेच तरुण चाकराशी लग्न करणारी लोभी आई, अशी तिची प्रतिमा अनेक पुस्तकांतून रूढ झाली. इतिहासलेखिका लिआंडा डी लायल यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या प्रतिमेची तपासणी केली, आणि फ्रान्सिसच्या दुष्कीर्तीत या चुकीच्या चित्राचा वाटा किती मोठा होता हे दाखवून दिले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. फ्रान्सिस कठोर माता होती, या समजुतीला चित्राखेरीजही एक आधार आहे. विद्वान शिक्षक रॉजर ॲस्कम याने १५५० मध्ये लेडी जेनची भेट घेतली होती. आपले आईवडील फार कडक आहेत अशी तक्रार तिने केल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तो आधार नाकारण्याचे कारण नाही. परंतु ॲस्कमचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये, भेटीला वीस वर्षे उलटल्यावर प्रसिद्ध झाला, आणि मुलांना मारून नव्हे तर मायेने शिकवावे हे पटवून देण्यासाठी तो लिहिलेला होता. शिवाय त्या काळी मुलांना कडक शिस्तीत वाढविणे ही घरोघरची रीत होती. कडक आई आणि कामांध, लोभी राक्षसी यांत फार अंतर आहे. हे अंतर बऱ्याच अंशी या चित्राने भरून काढले.

आता त्या तीन आकड्यांकडे वळू. १५१७ मध्ये जन्मलेली फ्रान्सिस १५५९ मध्ये बेचाळीस वर्षांची होती. स्टोक्सचा जन्म १५१९ चा, म्हणजे तो चाळिशीला आलेला होता. पत्नीपेक्षा तो फार तर दोन वर्षांनी लहान. चित्रावर स्पष्ट लिहिले आहे: छत्तीस आणि एकवीस. यांपैकी एकही आकडा जुळत नाही. ज्या ‘कोवळ्या’ पतीमुळे डचेस बदनाम झाली, तो पती मुळी कोवळा नव्हताच. शिवाय १५५९ च्या नोव्हेंबरात तर फ्रान्सिसचे निधन झाले. तिला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्यात आले आणि १५६३ मध्ये स्टोक्सने संत एडमंडच्या चॅपेलमध्ये तिच्या थडग्यावर अलाबास्टर दगडातील तिची आडवी प्रतिमा बसविली. पतीने आपल्या पत्नीसाठी उभारलेले ते स्मारक, खऱ्या नावासह, आजही तेथे आहे. परंतु लोकांच्या मनावर ठसला तो परक्या स्त्रीचा चेहरा.

मग ही स्त्री कोण? १९८६ मध्ये सुझन फॉयस्टर यांनी या प्रश्नाचे जे उत्तर मांडले, ते आता सर्वमान्य झाले आहे. कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय कलादालनात ईवर्थचेच आणखी एक चित्र आहे: लेडी डेकर, माहेरचे नाव मेरी नेव्हिल. ते १५५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. त्यातील स्त्रीच्या बोटांत जी अंगठी आहे, तशीच लंडनच्या चित्रातील स्त्रीच्या बोटांत आहे. दोन्ही चेहऱ्यांची ठेवणही जुळते. मेरीचा जन्म १५२४ च्या सुमारास झाला, म्हणून १५५९ मध्ये छत्तिसावे वर्ष तिला चपखल बसते. आणि तिचा मुलगा ग्रेगरी फाइन्स जून १५३९ मध्ये जन्मला. १५५९ च्या उन्हाळ्यात त्याला विसावे वर्ष पूर्ण होऊन एकविसावे लागले. म्हणजे ज्यांना अडीचशे वर्षे जोडपे मानले गेले, ते होते आई आणि मुलगा.

या पुराव्याची पारख करताना एक पथ्य पाळावे लागते. अंगठी ही एकटी फार मोठी साक्ष नव्हे. सारख्या घडणीच्या अंगठ्या अनेक असू शकतात. चेहऱ्यांतील साम्य तर सर्वांत फसवे. त्याच साम्याने फ्रान्सिसला हेन्रीच्या पंक्तीला नेऊन बसविले. आकडे अधिक विश्वसनीय, परंतु ज्यांचे वय तेव्हा छत्तीस होते अशा स्त्रिया अनेक असणार. मात्र अंगठी, चेहरा, दोघांची वये, चित्रकार आणि वर्ष हे सारे धागे एकाच घराशी येऊन मिळतात, तेव्हा तर्काला बळ येते. व्हर्च्यूच्या तर्काला अशी गाठ कोठेच बसत नव्हती. त्याच्याजवळ एक प्रचलित कथा होती, आणि चित्र त्या कथेला शोभणारे दिसले.

आणि १५५९ हेच वर्ष का, याचेही उत्तर डेकर घराण्याच्या इतिहासात मिळते. मेरीचा पती थॉमस फाइन्स, नववा लॉर्ड डेकर, हा ससेक्समधील हर्स्टमन्सूच्या गढीचा धनी. १५४१ च्या एप्रिलअखेर तो काही तरुण सोबत्यांसह शेजारच्या जमीनदाराच्या रानात चोरून पारध करण्यास गेला. तेथे झालेल्या झटापटीत त्या जमीनदाराचा एक नोकर जबर जखमी होऊन मरण पावला. लॉर्ड डेकरवर खुनाचा खटला चालला आणि २९ जून १५४१ रोजी टायबर्न येथे त्याला सामान्य गुन्हेगाराप्रमाणे फासावर चढविण्यात आले. उमरावाला शिरच्छेदाचा मान असे. तोही त्याला मिळाला नाही. वय अवघे पंचविशीचे. घराण्याचे उमरावपद गेले. सतरा वर्षांची मेरी लहान मुलांसह विधवा झाली. पुढे १५५३ मध्ये थोरला मुलगाही निवर्तला. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या आरंभी संसदेच्या कायद्याने ग्रेगरीला ते उमरावपद परत मिळाले आणि तो दहावा लॉर्ड डेकर झाला.

ही पार्श्वभूमी कळल्यावर ईवर्थची दोन्ही चित्रे एकत्र वाचावीशी वाटतात. ओटावाच्या चित्रात मेरी लेखणी हाती घेऊन वही पुढे ठेवून बसली आहे. तिच्या पाठीमागे भिंतीवर एक लहान चौकटीचे चित्र टांगलेले आहे: तिच्या पतीचे, होल्बाइनच्या धाटणीचे. त्यावर १५४० हे साल आणि २४ हे वय लिहिलेले आहे. पती तेथे कायमचा चोवीस वर्षांचा राहिला आहे. तिचे वय मात्र वाढले आहे. ज्याला राज्याने गुन्हेगार म्हणून फासावर दिले, त्याला तिने आपल्या चित्रात सन्मानाने जागा दिली आहे. तिची दृष्टी वहीवर नाही. ती कोठेतरी दूर विचारात गुंतलेली आहे. लिहिण्याची लेखणी हाती असलेली ही विधवा आपल्या घराचा मान परत मिळविण्याच्या चिंतेत आहे, असा या चित्राचा अर्थ लावता येतो.

लंडनच्या चित्रात भिंतीवरील तो मृत पती नाही. त्याच्या जागी जिवंत मुलगा शेजारी उभा आहे. त्या काळी पतिपत्नींच्या जोडचित्रांत पती पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूस, म्हणजे मानाच्या जागी, आणि पत्नी उजव्या बाजूस दाखविण्याचा प्रघात होता. येथे ती मानाची जागा स्त्रीकडे आहे. ज्यांनी हे जोडपे मानले, त्यांना यात पतीवर हुकमत गाजविणारी डचेस दिसली असावी. आई आणि मुलगा म्हणून पाहिले की त्याच मांडणीचा अर्थ सरळ होतो. सतरा-अठरा वर्षे घर सावरणारी आई पुढच्या मानाने उभी आहे आणि तिच्या कष्टाचे फळ तिच्या शेजारी उभे आहे. आवळलेल्या ओठांत ज्यांना लोभ दिसला, तेथे सोसण्याची शक्ती दिसू लागते. चेहरा तोच आहे, रंगही तेच आहेत.

मात्र समीक्षकाने येथेही सावध राहावे. ‘दुष्ट डचेस’ हे नाव काढून ‘सोशिक माता’ हे नाव लावले की आपण लगेच त्या मुद्रेत सद्‍गुण शोधू लागतो. मेरी नेव्हिलचा स्वभाव कसा होता, हे चेहरा सांगत नाही. चित्र सांगते ते एवढेच की, छत्तिसाव्या वर्षी ती अशी दिसत होती, आणि मुलाच्या सोबतीने अशी दिसावी असे तिला वाटत होते. बाकीचे कागदपत्रांकडून घ्यावयाचे असते. कागदपत्रे जेथे थांबतात तेथे समीक्षेनेही थांबावे.

या चुकीने दोन स्त्रियांचे नुकसान झाले. एकीवर तिचे नसलेले रूप आणि न केलेले पाप लादले गेले. दुसरीचे तर अस्तित्वच पुसले गेले. तिचा मुलगा तिचा पती ठरविला गेला आणि ती ज्या प्रसंगाची आठवण ठेवू पाहत होती तो प्रसंगच चित्रातून नाहीसा झाला. व्हर्च्यूने हे मत्सराने केले नाही. तो प्रामाणिक आणि मेहनती माणूस होता. यातून घ्यावयाचा धडा अधिक गंभीर आहे: सदिच्छेने दिलेले चुकीचे नावही पिढ्यान्‍पिढ्या निंदा पसरवू शकते. मोडलेल्या चौकटीतील पूर्वजांच्या छायाचित्रामागे अंदाजाने नाव लिहिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

आज लंडनच्या दालनात या चित्राखाली मेरी नेव्हिल, लेडी डेकर आणि तिचा मुलगा ग्रेगरी फाइन्स अशी नावे आहेत आणि चित्रकार म्हणून हान्स ईवर्थचे नाव आहे. आईला मुलगा परत मिळाला, चित्रकाराला त्याचे काम परत मिळाले. फ्रान्सिस ब्रँडनला काही नवे मिळाले नाही. तिच्यावरचे एक ओझे तेवढे उतरले. आणि हे सारे ज्या पुराव्याने सिद्ध झाले, त्यातील दोन आकडे पहिल्या दिवसापासून, चेहऱ्यांच्या वरच्या बाजूस, सर्वांना दिसतील असे लिहून ठेवलेले होते.